तस्नीम गेल्यानंतर

शरफुन्निसाचा स्वभाव जळका होता, हे अख्ख्या दाभोळला ठाऊक होतं आणि तिनंही ते कधी नाकारलं नाही. "जे माझं आहे त्यावरच मी जळते, परक्याच्या चुलीत फुंकर घालायला जात नाही," असं ती ठसक्यात म्हणायची. लग्नात नवऱ्याच्या मामेबहिणीनं त्याला शरबताचा पेला जरा हसून दिला, तर हिनं घुंघटाआडून त्या पोरीचं नाव विचारून ठेवलं होतं. असली बाई! नवरा मिळाला तोही नेमका उलट स्वभावाचा. जमालुद्दीन म्हणजे बोलघेवडा. सौदीत, जुबैलच्या कारखान्यांत पाळीच्या कामगारांना ने-आण करणारी कंपनीची बस चालवायचा. पहाटे पेंगत चढलेला माणूस उतरताना हसत उतरला पाहिजे, हा त्याचा हट्ट. फिलिपिनो असो, मल्याळी असो, पठाण असो, ज्याच्या त्याच्या भाषेतले दोन वाईट शब्द त्याला पाठ होते आणि त्या भांडवलावर तो सगळ्यांचा मित्र होता.

तर अशा या घरात नव्वदच्या ऑगस्टमध्ये तस्नीम येऊन पडली.

इराकनं कुवेत गिळला त्या आठवड्यात सरहद्दीजवळच्या हफ्र अल बातिनहून जमालच्या कंपनीत फोन आला. जमालची मावसबहीण तस्नीम दोन पोरांना घेऊन कुणाच्या तरी गाडीतून वाळवंट ओलांडून आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिचा नवरा कादिर दुकान राखायला मागं कुवेतमध्येच थांबला होता. दोन दिवसांत येतो म्हणाला होता. जमालनं मित्राची पिकअप घेतली आणि तिला आणायला गेला. आता ही तस्नीम कोण? जमालच्या लग्नाआधी दोन ईदा त्या दोघांचं जमवायची बोलणी घरात चालली होती. मग कादिरचं कुवेतचं स्थळ आलं आणि बोलणी तिथंच खलास. कुणी कुणासाठी रडलं नाही, कुणी जीव दिला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण शरफुन्निसाला एवढं पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी ती तस्नीमच्या गळ्यात पडून खरोखर रडली. पोरांच्या केसांतली वाळू तिनं स्वतः धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी आपले दोन चांगले जोड काढून तिला दिले. तिसऱ्या दिवशी तस्नीम म्हणाली, "भाबी, बसून बसून डोकं फिरतंय, आज कालवण मी करते," आणि तिथं माशी शिंकली.

"वा तस्नीम!" जमालनं बोटं चाटली. "अगदी खालाच्या हातची चव! किती वर्षांनी!"

किती वर्षांनी म्हणजे? इतकी वर्षं मग काय वाळू खात होतात? शरफुन्निसाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाहुणी संकटातून आलेली, नवऱ्याचा पत्ता नाही, तिच्यासमोर तोंड कसं उघडणार? तिनं भाकरीचा तुकडा गिळला आणि बाकीचंही सगळं गिळलं. खरा घाव मात्र पुढे बसला. भांडी घासता घासता तस्नीम सहज बोलली, "जमालभाय किती वाळलेत ना, भाबी? लग्नात कसे भरलेले होते."

वाळलेत! म्हणजे मी खायला घालत नाही! हे बोलली कोण, तर जिच्याशी त्याचं जमणार होतं ती! शरफुन्निसा त्यावर हसली. असं हसली की तस्नीमच्या हातातली बशी घसरली.

कागदपत्रं झाली, तिकिटं मिळाली, आणि महिना संपायच्या आत तस्नीम पोरांना घेऊन दाभोळला सासऱ्यांकडे गेली. कादिर काही आला नाही. विमानतळावर जमालनं पोरांच्या हातात चॉकलेटं कोंबली, तस्नीमच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसताना बाहीनं डोळे पुसले. शरफुन्निसानं ते पाहिलं. तिनं ते पाहून ठेवलं म्हणणं जास्त बरोबर.

त्याच शुक्रवारपासून तिनं नवऱ्याला जाडा करायचा विडा उचलला.

आता दाभोळची बाई नवऱ्याला जाडं करायला काय करील? तूप, मटण, नारळाचा रस. ते सगळं झालंच. पण समोरच्या बिऱ्हाडातली मुन्नी, लखनौची, हिला सगळ्या गावची खबर, ती म्हणाली, "अरे बाजी, ऊँटनी का दूध पिलाओ! यहाँ के बुड्ढों को देखा है? सत्तर साल के, और कमर सीधी!" शहराबाहेरच्या रस्त्यावर एक बदू, वाळवंटातला भटका अरब, आपल्या उंटिणी घेऊन असायचा. समोर धार काढून बाटली भरून द्यायचा. एकच अट, उकळायचं नाही. उकळलं की ताकद गेली.

शरफुन्निसाच्या माहेरी दूध न उकळता घरात ठेवणं म्हणजे जवळजवळ पाप. तिची आई दोनदा उतू आणल्याशिवाय मांजरालाही घालत नसे. पण आईला सवत नव्हती, हिला होती, निदान हिच्या डोक्यात तरी होती. दर शुक्रवारी संध्याकाळी ती जमालला त्या रस्त्याला न्यायची, बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि रोज सकाळी पाळीवर निघण्याआधी भरला वाडगा त्याच्यासमोर धरायची. पोरं नाक दाबून पळाली. अरवा, नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली, म्हणाली, "मम्मी, इट स्टिंक्स!" शरफुन्निसालाही तो वास सोसत नसे. पण नवऱ्याचं ते औषध होतं आणि तो मुकाट पीतही होता.

"पुरे ना, शरफू?" तो कधी कधी म्हणायचा.

"गप प्या. लोक म्हणतात, बायको खायला घालत नाही."

"कोण लोक?"

"आहेत लोक!"

ऑक्टोबरात त्याचे गाल जरा वर आले. शरफुन्निसानं मनातल्या मनात तस्नीमला ते गाल दाखवले. आणि नोव्हेंबरात सगळं फिरलं.

आधी त्याची बडबड कमी झाली. मग ती थांबलीच. बसमध्ये तो कुणाशी बोलत नाही, हे मुन्नीच्या नवऱ्यानं सांगितलं. तो त्याच पाळीला जायचा. घरी आला की जमाल भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास. कुठे दुखतंय विचारलं तर, "थकलोय." कंबर धरून उठायचा. संध्याकाळी अंग जरा कोमट लागायचं, पण हात लावू द्यायचा नाही. पहाटे उठावं तर त्याची बनियन, उशी, चादर घामानं ओलीचिंब, डिसेंबरच्या थंडीत! एकदा चादर बदलताना तिनं त्याचा चेहरा पाहिला. तो रडत होता. आवाज न करता, नळ गळत राहावा तसा.

"काय झालं?"

"काही नाही."

काही नाही! पुरुषमाणूस काही नाही म्हणून रडतो? शरफुन्निसा काय दूधखुळी होती? माणूस जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, उसासे टाकतो, तळमळतो. दुनियेत याला एकच नाव आहे, आणि त्या नावाचं दुसरं नाव तस्नीम. ती गेली आणि हा असा झाला. हिशेब सरळ होता. विमानतळावरच्या त्या ओल्या बाहीपासून आजच्या ओल्या उशीपर्यंत तिला सगळी साखळी स्वच्छ दिसत होती.

मग तिनं काय केलं? तिनं दुधाचा वाडगा मोठा केला.

हसू नका. तिच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. नवरा मनानं दुसरीकडे गेला, तर बाईच्या हातात उरतं काय? त्याचं पोट. ते तरी माझं, असं म्हणून ती रोज सकाळी वाडगा धरून समोर बसायची आणि शेवटचा घोट जाईपर्यंत उठायची नाही. दिवसभर मात्र त्याच्याशी एक अक्षर गोड बोलायची नाही. थाळी आदळायची, दार आपटायची, पोरांच्या निमित्तानं त्याला ऐकवायची, "झोपा रे, तुमच्या अब्बांना आठवणी काढायच्यात!" जमाल वर बघायचा नाही. पूर्वीचा जमाल असता तर म्हणाला असता, "कुणाच्या काढू, तूच सांग, नाव दे." हा नवा जमाल ऐकून घ्यायचा, जणू त्याच्याच लायकीचं त्याला मिळत होतं. त्यानं ती आणखी पेटायची. भांडायला समोर माणूसच नाही, याचा राग काय असतो ते भांडखोरालाच कळतं!

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि मुन्नीनं दुसरा बॉम्ब टाकला.

"बाजी, बुरा मत मानना. हमारे मियाँ ने भाईजान को बाज़ार के टेलीफ़ोन केबिन में देखा. एक बार नहीं, तीन-चार बार. हिंदुस्तान लगाते हैं."

घरी फोन करायचा तर दोघं मिळून जायची, महिन्यातून एकदा, पोरांना घेऊन. सगळ्यांनी आळीपाळीनं बोलायचं. एकटा कधी गेला नव्हता तो. शरफुन्निसानं त्याच संध्याकाळी त्याचा कोट धुवायच्या निमित्तानं त्याला विचारलं, "दाभोळला काही खबर?"

"नाही," जमाल म्हणाला. डोळ्याला डोळा न देता.

झालं! आता पुरावा झाला. आजवर तिला संशय होता, संशयात निदान खोटं ठरायची आशा असते. आता तीही गेली. तिच्या छातीत जणू कुणी निखारा ठेवून दार लावून घेतलं. रात्री तो झोपला की ती त्याच्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, जा, तिच्याकडेच जा, मर जा! आणि दुसऱ्या क्षणी तोबा तोबा करून स्वतःच्याच गालात मारून घ्यायची.

कंपनीनं सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटले होते आणि एक खोली चिकटपट्ट्या लावून बंद ठेवायला सांगितली होती. एका संध्याकाळी, मगरिबची नमाज झाली न झाली, भोंगे वाजायला लागले. शरफुन्निसानं पोरांना खोलीत ओढलं, मुखवटे चढवले, दाराच्या फटीला ओला टॉवेल कोंबला आणि वळून पाहिलं तर जमाल भिंतीला टेकून बसलेला. मुखवटा मांडीवर.

"घाला ना!" ती आतून ओरडली. आवाज मुखवट्यातच घुमला.

त्यानं मान हलवली. "असू दे."

"काय असू दे? घाला म्हणते ना!"

"तुम्ही घातलेत ना? बस्स," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. घाबरलेला नव्हता. घाबरलेला माणूस तिला कळला असता. तो बसची वाट पाहत बसल्यासारखा बसला होता. शरफुन्निसानं आपल्या हातानं त्याच्या तोंडावर मुखवटा चढवला, पट्टा खेचला, आणि खेचताना तिच्या मनात काय आलं असेल? की माझा नवरा मरायला तयार आहे? छे! तिच्या मनात आलं, की त्या तस्नीमशिवाय याला जगायचंसुद्धा नाही. इतकी! इतकी ती त्याला हवी! मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात ते खोटं आहे. त्याला सगळं दिसतं, फक्त सगळीकडे एकच माणूस दिसतो.

भोंगे थांबले. काही पडलं नाही. पण चार दिवसांनी जमाल स्वतःच पडला. बसचा क्लच दाबायला पाय उचलेना. डावा खुबा असा दुखायला लागला की तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून कण्हत राहिला. कंपनीच्या लोकांनी त्याला सरळ इस्पितळात नेलं आणि मुन्नीच्या नवऱ्यानं शरफुन्निसाला तिथं सोडलं.

इस्पितळात डॉक्टर निघाली मराठी. डॉक्टर अहिल्या, साताऱ्याकडची, पन्नाशीची, केसांत पांढरी बट. तिनं जमालचं नाव-गाव वाचून "दाभोळ का?" असं विचारलं, तेव्हा शरफुन्निसानं आधी तिच्या बोटांत अंगठी आहे का ते पाहिलं. सवय! अंगठी होती. मग जीव खाली पडला.

जमालला एक्सरेला नेलं होतं. डॉक्टरनं प्रश्नांची झड लावली. ताप कधीपासून? घाम? वजन? शरफुन्निसाला वाटलं, ही पण मलाच धरतेय.

"बरेच उतरलेत हो," डॉक्टर म्हणाली. "जेवण कसं आहे घरी?"

बस्स. तीच जागा, तोच घाव. शरफुन्निसा ताठ झाली.

"जेवणाला काय धाड भरलीय? मटण आहे, तूप आहे, सगळं आहे! आणि दूध. रोज वाडगाभर. साधंसुधं नाही, उंटिणीचं! समोर धार काढून आणते. आणि एक थेंब उकळत नाही, तशीच ताकद पोटात जाते. सप्टेंबरपासून एक दिवस खाडा नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"न उकळता?"

"एक थेंब नाही," शरफुन्निसा पुन्हा म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज अर्ध्यातच बसला, कारण डॉक्टरचा चेहरा शाबासकी देणाऱ्या बाईचा नव्हता.

माल्टा ताप, डॉक्टरनं सांगितलं. रक्त तपासून पक्कं होईल, पण तिला शंका नव्हती; इथं असले रोगी तिनं ढिगानं पाहिले होते. कच्च्या दुधातून जंतू येतो. हळूहळू चढणारा ताप, घाम, कंबर, खुबा. सहा आठवडे गोळ्या आणि सुरुवातीला रोज इंजेक्शन. बरा होतो, पण औषध अर्धवट सोडायचं नाही. "तुम्ही कुणी प्यायलं नाही ना? तरी तुमचं आणि पोरांचं रक्त तपासून घेऊ."

शरफुन्निसाच्या कानांत नुसता घूं घूं आवाज होता. मी पाजलं. माझ्या हातानं, समोर बसून.  मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिलाच आपली लाज वाटली, कारण अशा वेळीही तिच्या मनात तेच होतं.

"आणि मनाचं काय, डॉक्टर? ते बोलत नाहीत. रडतात. परवा मुखवटा घालीनात. तेसुद्धा दुधानं?"

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. "मुखवटा घालत नव्हते? हे आधी सांगायचं, बाई." मग ती म्हणाली, "तुम्हाला कधी फ्लू झालाय? दोन दिवस काय वाटतं? आंघोळ नको, जेवण नको, कुणी बोलू नये, उगाच रडू येतं. हो ना? ते आपल्या मनानं ठरवलेलं नसतं. अंगात जंतू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला उठतं. त्या लढाईची आग सांध्यात गेली की सांधा सुजतो, आणि डोक्यात गेली की माणूस विझतो. तुमचा फ्लूचा तो दोन दिवसांचा अंधार, तो यांना तीन महिने चाललाय. आमच्या पुस्तकांत सांध्यांवर पानंच्या पानं आहेत आणि या उदासीवर जेमतेम एक ओळ. का होतं, कसं होतं, ते नीट कुणाला ठाऊक नाही अजून. पण मी इथं वर्षानुवर्षं हेच बघतेय. ताप उतरतो तसा माणूस परत येतो. तोवर त्यांना एकटं सोडू नका. अजिबात नाही. आणि मी मानसोपचारवाल्या डॉक्टरांशीही बोलते."

"म्हणजे त्यांच्या मनात कुणी नाही?"

डॉक्टर अहिल्यानं पेन पुन्हा उचललं. "मनात कोण आहे ते माझ्या रक्ततपासणीत दिसत नाही हो," ती म्हणाली.

तीच तर गोम होती! शरफुन्निसा इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना तेच घोकत होती. घाम जंतूचा, ताप जंतूचा, कंबर जंतूची. मान्य. रडणंही एकवेळ जंतूचं. पण जंतू काय बाजारात जाऊन फोन लावतो? जंतू बायकोशी खोटं बोलतो? गुन्हा माझा, हे कबूल, शंभर वेळा कबूल. पण मग त्याचा? दोन निखारे एकाच छातीत घेऊन ती मुन्नीच्या नवऱ्याच्या गाडीत बसली आणि म्हणाली, "भाईसाब, टेलीफ़ोन केबिन."

दाभोळला तस्नीमच्या सासऱ्यांकडे कुवेतच्या कमाईतून बसवलेला फोन होता. घंटा वाजताच उचलला गेला, जणू कुणी त्याच्या उशाशीच बसून होतं.

"कादिर?" पलीकडून आवाज आला.

"मी शरफुन्निसा."

"भाबी!" तस्नीमचा आवाज क्षणात खाली उतरला. मग घाबरला. "काय झालं? जमालभाय? जमालभायला काय झालं?"

बघा, कसा जीव तुटतो! शरफुन्निसानं दातांवर दात दाबले. गाडीत बसून जुळवलेल्या सगळ्या शिव्या जिभेच्या टोकावर होत्या. "ते तुला रोज फोन करतात आणि काय झालं ते मला विचारतेस? लाज नाही वाटत? माझ्या घरात राहिलीस, माझे कपडे घातलेस, आणि माझ्याच..."

"अल्लाह! भाबी, त्यांना गोळ्या, चाकू, कशापाशी एकटं ठेवू नका," तस्नीम मध्येच म्हणाली. शिव्या तिनं ऐकल्यासुद्धा नव्हत्या. "मी तुम्हाला कळवणारच होते. पत्र टाकलंय. पोचलं नाही का? युद्धात टपाल कुठे अडकलं असेल. मला वाटलं, फोन करावा तर तुमच्या घरी फोन नाही..."

"काय कळवणार होतीस?"

तस्नीम रडायला लागली. रडत रडतच तिनं सांगितलं. पहिल्या फोनला त्यांनी विचारलं, तू हफ्रपर्यंत पोरं घेऊन एकटी कशी आलीस, वाटेत पाणी किती लागलं, माणसं कशी होती. तिला वाटलं, चौकशी करतायत. दुसऱ्या फोनला विचारलं, नवरा सोबत नसताना बाईला सौदीतून बाहेर पडायला काय काय लागतं? इकामा, राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर असतो, मग त्याला नोकरीवर ठेवणारा कफील सही देतो का? मुंबईत उतरल्यावर तुला घ्यायला कोण आलं होतं? आणि शेवटच्या फोनला त्यांनी तिला कुराणाची शपथ घालून वचन मागितलं.

"कसलं वचन?"

"की शरफूला तुझ्याजवळ ठेवून घेशील. पोरांना तुझ्या पोरांसारखं बघशील. म्हणाले, ती भांडेल तुझ्याशी, तुझ्यावर जळेल, तू मनावर घेऊ नकोस. तिला राग फार येतो, पण एकटं राहणं तिला जमत नाही. अंधारात ती अजून दिवा लावून झोपते. नवऱ्याशिवाय कसं निभवायचं ते आपल्यात तुलाच ठाऊक आहे, म्हणून तुला सांगतो. मी विचारलं, आणि तुम्ही कुठे निघालात, जमालभाय? तर बोलले नाहीत. फोन ठेवला."

शरफुन्निसाच्या हातातला फोन जड झाला. 

"भाबी, ऐकताय ना?" तस्नीम म्हणत होती. "मी इथं रात्रंदिवस रेडिओला कान लावून बसते. कादिर आहे की नाही, अल्लाला ठाऊक. घंटा वाजली की मी त्याचंच नाव घेते. तुमचा माणूस तुमच्यासमोर आहे. जा ना, भाबी. त्याच्याकडे जा आधी!"

"तू..." शरफुन्निसा म्हणाली. मग तिला एवढंच सुचलं, "कादिर येईल. येईल बघ." आणि ती केबिनचं दार उघडं टाकून धावली.

इस्पितळात जमालला खाट दिली होती. हाताला सुई होती, डोळे छताकडे. शरफुन्निसा आत आली, त्याच्या पायांशी बसली आणि श्वास न घेता सगळं बोलून टाकलं. की हा माल्टा ताप आहे. तो दुधातून आला. ते दूध मी पाजलं, कारण तस्नीम म्हणाली तुम्ही वाळलात, कारण तिच्यावरून माझा जळफळाट होत होता, कारण तुम्ही तिचं कालवण चाटून खाल्लंत. मी तुम्हाला मारत होते आणि वर दारं आपटत होते. तलाक द्यायचा तर द्या. आत्ता द्या. आणि मी तस्नीमला फोन केला, मला सगळं कळलंय, तुम्ही काय ठरवत होतात ते. इथं तिचा आवाज फुटला. "कुणाच्या हवाली करून निघाला होतात मला? तिच्या? दुसरी कुणी मिळाली नाही?"

जमाल ऐकत होता. तलाकचं त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यानं फार सावकाश मान वळवली.

"ताप आहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"हे सगळं? हे रडू येणं, हे नकोसं वाटणं, हे सगळं तापाचं?"

"डॉक्टरीण म्हणते. ताप उतरला की जातं."

"मला वाटलं, मी असा झालो," जमाल म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा कापत होता. "मला वाटलं, हा मीच आहे, शरफू. आता असाच राहणार. तुला बघून तू माझ्यातून सुटावंस, असंच वाटायचं."

त्यानं सुई नसलेला हात पुढे केला. शरफुन्निसानं तो दोन्ही हातांत धरला. हात गरम होता, तापानं फणफणलेला. तिच्या जिभेवर अजून कितीतरी होतं, पण जमाल तिच्याकडे बघत होता, कित्येक महिन्यांनी सरळ डोळ्यांत बघत होता, आणि एकच विचारत होता.

"जाईल ना गं? खरंच जाईल?"

"जाईल," शरफुन्निसा म्हणाली. "मी इथंच बसलेय."